मिश्री लावून सांगलीपर्यंत

मी एकदा साठ बायकांच्या नावांपुढे स्वतःच्या हातानं ‘व्यसन : नाही’ असं लिहिलं, आणि लिहीत होते तेव्हा त्यांतल्या बहुतेक जणींचं एक बोट तोंडात होतं. बोटाला काळपट काहीतरी लागलेलं मला स्पष्ट दिसत होतं. दात घासताहेत, असं मी समजले. ‘इथल्या स्त्रिया दातांची फार निगा राखतात, एकेक जण अर्धा अर्धा तास घासते,’ असं कौतुकानं डायरीतही टिपलं. ती डायरी अजून आहे. नातवंडांच्या हाती लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यामागं ठेवते. आजीला विज्ञानातलं कळतं असा त्यांचा समज आहे आणि तो टिकवणं मला सोयीचं आहे.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीतली. मी चोवीस वर्षांची होते, नुकतीच एम.एस्सी. झाले होते आणि पुण्यातल्या एका कॉलेजात शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. मानेत तेव्हा एक खास ताठा होता. तो मधे गेला होता, आता स्पाँडिलायटिसनं परत मिळालाय.

आमच्या विभागाच्या बाई एका प्रश्नामागे लागल्या होत्या. अफूची सवय लागलेला उंदीर महिनाभर साध्या पाण्यावर ठेवला, त्याच्या अंगातली अफू पार निघून गेली, तो खाऊ-पिऊ लागला, गुबगुबीत झाला. तरी पिंजऱ्यातला तो जुना पिवळा दिवा लावला, की सगळं सोडून तो अफूच्या नळीकडे का धावतो? अंगात विष नाही, मग ओढ राहते कुठं? बाई म्हणायच्या, मेंदूत. मेंदूत नेमकं कुठं, ते शोधायला रसायनं लागत होती, यंत्रं लागत होती. मेंदू स्वतःच अफूसारखा पदार्थ तयार करतो हे परदेशातल्या लोकांना दोन-तीन वर्षांपूर्वी कळलं होतं, आणि ते वाचल्यापासून बाई डबा खायचं विसरत होत्या.

पण आमचं अनुदान मार्चअखेर संपत होतं. ते संपलं की खोली भांडारात जाणार, बाई नुसत्या तासांपुरत्या उरणार, आणि बारा पांढऱ्या उंदरांचं काय होणार ते कोणी विचारू नये. बाईंनी चहूकडे अर्ज केले. उत्तर आलं फक्त सांगलीहून, हळदीच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या धर्मादाय न्यासाकडून. ‘आमच्या भागातील माणसांचा आपल्या उंदरांशी काय संबंध आहे, ते दाखवावे. शनिवारी बैठक आहे.’

तेव्हा ठरलं असं, की मी आठवडाभर आधी निघून वाई आणि कोरेगावकडे माणसांना भेटायचं, फॉर्म भरून घ्यायचे आणि सांगली गाठायची. बाई परस्पर तिकडे येतील. निघताना बाई म्हणाल्या, “आधी गप्पा मार. मग विचार.” मी मान डोलावली. त्याआधीच मी फॉर्म छापून घेतले होते. सातवा प्रश्न : ‘आपणांस कोणते व्यसन आहे? दारू, गांजा, अफू, इतर, नाही. योग्य तेथे खूण करावी.’ गप्पांना त्यात जागाच ठेवली नव्हती.

शिरवळ

एस.टी. चहाला थांबली तेवढ्यात मी सराव करून घेतला. हॉटेलवाल्याच्या ओठात विडी होती. मी विचारलं, “आपल्याला काही व्यसन?”

“छ्या!” तो म्हणाला, आणि तोंडातून धूर आला.

विडी फॉर्मात नव्हती. मी ‘नाही’वर खूण केली आणि त्याच्याकडून तिसरा चहा मागवला. पहिला चहा घेतला नाही तर माझं कपाळ दुपारपर्यंत ठणकत असे. ती मात्र माझी प्रकृती होती.

वाई

वाईला मावशीकडे उतरले. दोन दिवस पेठेत हिंडले. स्वतःला व्यसन असलेला एक माणूस सापडला नाही, पण शेजाऱ्याला असलेले पुष्कळ सापडले. एका भटजींनी तर खिडकीतून बोट दाखवून समोरच्या तीन घरांचं सविस्तर सांगितलं, आणि सांगून झाल्यावर पानाचा डबा उघडून तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली. “ही मुखशुद्धी,” माझी नजर पाहून म्हणाले. मी लिहून घेतलं : मुखशुद्धी.

निघायच्या दिवशी मला कृष्णेच्या घाटावर दात घासायची हुक्की आली. पुण्यात दात मोरीत घासायचे, तेही बाहेरून कोणी कडी वाजवेपर्यंत. इथं समोर नदी, धुकं, देवळं. मी पायरीवर बसून दंतमंजनाची गुलाबी डबी उघडली, दोन घासण्यांच्या मधे धुक्याकडे बघत राहिले, आणि डबी पायरीपायरीनं टणटण करत खाली गेली. पाण्यावर पडली ती बुडेल तर शपथ! ढोल्या गणपतीच्या दिशेनं गुलाबी गुलाबी तरंगत निघाली. काठावर धुणं धुणाऱ्या एकीनं विचारलं, “निवद हाय व्हय?”

नवी घ्यायला वेळ नव्हता, एस.टी. लागली होती. या डबीमुळे पुढं जे घडलं त्याला मी जबाबदार नाही असं मी बरीच वर्षं सांगत असे.

कोरेगावच्या पुढे

गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक अजून आहेत आणि त्यांची नातवंडं वाचतात. एका निवृत्त सुभेदारांकडे माझी सोय होती. सुभेदार उंच, मिशांना पीळ, रेडिओ कानाशी; म्हातारी आई माजघरात. त्यांच्या बायकोला सगळा गाव ताराक्का म्हणे. पन्नाशीच्या आतबाहेरची, सडसडीत, आणि समोरच्याला आधी पूर्ण बोलू देऊन मग कापणारी.

पहिल्या संध्याकाळी मी सुभेदारांचा फॉर्म काढला.

“दारू?”

“आजिबात न्हाई. शिस्तीचा माणूस हाय मी.”

“आवं,” चुलीपासून ताराक्का म्हणाली, “मग ती कपाटातली?”

“ती रम हाय. कॅन्टीनची. सरकारनं दिल्याली हाय.”

“सरकारनं बंदूक बी दिली हुती. ती परत किली की तुमी.”

“तू गप गं! ताई, लिवा तुमी, न्हाई म्हणून.”

मी लिहिलं. जेवायला शाळूची भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी आणि खर्डा होता. आमच्याकडे आमटी गोडसर, गुळाचा खडा टाकलेली. इथल्या आमटीनं माझ्या डोळ्यांतून, नाकातून आणि कानांतून एकदम हजेरी लावली. “लय झालं का तिकाट?” ताराक्कानं विचारलं. मी म्हटलं, “छे, छान आहे.” तिनं आणखी वाढली.

पुढच्या सकाळी मी बायकांच्या मागे लागले आणि मला नशीब फळफळल्यासारखं वाटलं. एरवी कधी हाती न लागणाऱ्या बायका सकाळच्या उन्हात आपापल्या उंबऱ्यावर चवड्यावर बसलेल्या. बोट तोंडात, नजर लांब. मी विचारावं, “काही व्यसन?” त्यांनी मान हलवावी, मी खूण करावी, पुढच्या दाराला जावं. दोन सकाळींत साठ फॉर्म! दुपारी पोस्टात जाऊन तो साठांचा गठ्ठा न्यासाच्या पत्त्यावर पुढे पाठवूनसुद्धा दिला. माझी तडफ बैठकीआधीच दिसावी, हा त्यामागचा थोर विचार.

तिसऱ्या सकाळी मला स्वतःच्या दातांची लाज वाटू लागली. दोन दिवस नुसत्या चुळा भरत होते. मी ताराक्काला विचारलं, “दात घासायला काही मिळेल का?”

ती उंबऱ्यावर बसली होती. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. तोंडातलं बाजूला थुंकली. “हाय की. पर लय नगा घिऊ.”

पत्र्याची छोटी डबी होती, आत काळी पूड. आमच्याकडे मंजन तळहातावर ढीग करून घ्यायची रीत. मी ढीग केला. शाळेत शिकवल्याप्रमाणे वर-खाली वीस वेळा, आडवं दहा वेळा, जिभेवरून दोनदा. थोडी पूड गिळलीसुद्धा. लवंग असेल म्हटलं.

आधी उचकी लागली. मग कानशिलं गरम झाली, तळवे गार पडले आणि समोरची शेळी दोन झाली. दोन्ही शेळ्या माझ्याकडे बघत होत्या. अंगण हळूच उजवीकडे कलंडलं, मी डावीकडे, आणि कडब्याच्या गंजीपाशी आदल्या रात्रीची आमटी परत केली. ती येतानाही तिखटच होती.

सुभेदार रेडिओ टाकून धावले. “पाय वर करा! पाय वर!” ते पलटणीला सांगावं तसं ओरडत होते. ताराक्कानं डोक्याला गार पाणी लावलं, लिंबू चोखायला दिलं आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला बसावं लागलं.

“काय होतं ते?” मी आडवी पडूनच विचारलं.

“मिश्री, ताई. तंबाखू. खापरावर भाजायची, जळाया आली की उतरायची, वाटायची.”

“तंबाखू! आणि तुम्ही रोज लावता?”

“सकाळी. मग न्याहारीच्या टायमाला. दुपारी रानात. रातच्याला.”

“आणि नाही लावली तर?”

“डोकं धरतं. पोट साफ हुईत न्हाई. पोरांवर हात उठतो.”

“अहो, पण मग हे व्यसनच झालं! तुम्ही मला ‘नाही’ म्हणून सांगितलंत.”

“आमी दात घासतो, यसन कशाचं?” असं म्हणून ती थांबली, आणि माझ्या उशाशी पडलेला तिचा स्वतःचा, टपालात जायचा राहिलेला फॉर्म उचलून बघू लागली. मला वाटलं, छापील कागदाचं कौतुक वाटत असेल.

“ताई, हितं ‘निरक्षर’ कशापाई लिवलंसा? मी चौथी पास हाय.”

मी ते विचारलंच नव्हतं. नऊवारी पाहिली आणि लिहून टाकलं. शेळी एव्हाना एकच झाली होती, पण मला त्या क्षणी परत दोन झालेल्या चालल्या असत्या.

दुपारी ती आणि मी ज्वारीच्या शेतात हुरडा खायला गेलो. तो शेणकुटाच्या आगीवर भाजून, गरम कणसं हातावर चोळून देतात आणि सोबत शेंगदाण्याची चटणी. माझ्या पोटात सकाळपासून काही टिकलं नव्हतं, हुरडा मात्र टिकला. खाता खाता ताराक्कानं खालचा ओठ बोटानं ओढून दाखवला. हिरडीच्या खाली रुपयाएवढा पांढरा चट्टा होता.

“मिरजंच्या डाक्तरनं सांगितलंय, आजच्या आज बंद करा. न्हाईतर ह्याचं काय हुईल सांगता येत न्हाई. तीनदा सोडली, ताई. तिसऱ्या टायमाला बावीस दिस. डोकं थांबलं, पोट ताळ्यावर आलं. म्हणलं, सुटली. तेवीसाव्या दिशी शेजारणीनं खापर ठिवलं चुलीवर. भिताडावरनं वास आला. माझं पाय आपसूक गेलं तिच्या दारात. मला कळलंच न्हाई कवा गेलं.”

मी हातातला हुरडा खाली ठेवला. मग तिला आमच्या उंदरांचं सांगितलं. अफू सुटलेला, गुबगुबीत झालेला उंदीर, आणि पिवळा दिवा. शेवटी ती म्हणाली, “आवं, मग त्यो उंदीर मीच की.”

“हो. म्हणजे तसं नाही...”

“तसंच. दिवा न्हाई, वास. तुमच्या बाईंनी सोडीवला का त्याला?”

“अजून नाही. मेंदूत ती ओढ कुठं बसते ते आधी शोधायला पाहिजे. त्यासाठीच सांगलीचे पैसे हवेत.”

“मग आनाच की पैसं,” ताराक्का म्हणाली. मला पोस्टात टाकलेला गठ्ठा आठवला. त्या साठ खुणांनी मी सांगलीकरांना कळवलं होतं, की इकडे कोणालाच कसली ओढ नाही.

“आनि ऐका,” ती हात झाडत म्हणाली. “नुसतं वासाचं बी न्हाई. दिसभर मी हुबी असती. तोंडात मिश्री असली, की बोलता येत न्हाई, मग कोन काम सांगत न्हाई. तेवडाच अर्धा तास. मिश्री सोडली तर बसू कवा?”

हे पुण्याच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पिंजऱ्यातल्या उंदराला कोणी पाणी भरायला सांगत नाही.

हातात एकच सकाळ उरली होती. फॉर्म परत भरायचे, पण विचारायचं काय? ‘मिश्री लावता का’ म्हटलं की ‘दात घासतो’ हे उत्तर ठरलेलं. ताराक्कानं विचार केला. “यसन-बिसन काय इचारू नगा. ‘सकाळी डोळं उघडल्यावर पयलं काय आठवतं,’ असं इचारा.”

दुसऱ्या सकाळी ती माझ्याबरोबर दारोदार आली. मी प्रश्न विचारायचा अवकाश, बायका खुदकन हसायच्या, तोंडातलं थुंकायच्या आणि डबी कमरेच्या पिशवीतून काढून दाखवायच्या. एका म्हातारीनं सांगितलं, “पयली डबी. मग द्येव. मग म्हातारा.” तिचा म्हातारा शेजारीच बसला होता. “तिसरा तरी हाय,” तो म्हणाला. दुपारपर्यंत पंचवीस-तीसच घरं झाली. बाकीचे ‘नाही’ तसेच राहिले.

आता इथं एक गोष्ट मला लपवता आली असती. त्या सकाळी मी परत मिश्री लावली. अगदी थोडी, नखावर मावेल एवढी, शास्त्रीय निरीक्षण म्हणून. चक्कर आली नाही, उलट डोकं स्वच्छ झालं. संध्याकाळी पुन्हा निरीक्षण केलं. दुसऱ्या दिवशी निघताना ताराक्काला कळू न देता कोरेगावच्या बाजारात तयार मिश्रीची पुडी घेतली, आणि कराड येईपर्यंत एस.टी.च्या खिडकीतून दोनदा थुंकले. मागच्या बाकावरच्या माणसानं खिडकी लावून घेतली.

सांगली

जानेवारीत सांगलीत शिरलं की आधी हळदीचा वास येतो आणि मग सांगली. पेठेत पोत्यांच्या थप्प्या, हमालांचे पाय घोट्यापर्यंत पिवळे, रस्त्यावरच्या कुत्र्याच्या पाठीवरसुद्धा पिवळी झाक. बाई आदल्या दिवशीच आल्या होत्या. त्यांनी माझ्यासाठी भडंग आणून ठेवलं होतं, लसूण आणि शेंगदाणे घातलेलं. मी ते खाताना सारखी जीभ हिरडीवरून फिरवत होते. बाईंनी पाहिलं.

बैठक पेढीच्या माडीवर होती. गादीवर लोडाला टेकून अण्णा बसले होते, म्हणजे न्यासाचे प्रमुख. सत्तरीचे, स्वच्छ धोतर, कानात भिकबाळी. बाजूला न्यासाचे चिटणीस, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्यासमोर माझा टपालानं आलेला गठ्ठा होता.

बाई पंधरा मिनिटं बोलल्या. पुण्यात त्या कठीण बोलायच्या. इथं त्यांनी एकही अवघड शब्द वापरला नाही. अंगातून विष गेल्यावर मेंदूत काय उरतं, ते का उरतं, आणि ते कळल्याशिवाय ‘मनाचा निग्रह करा’ असं सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणण्यासारखं कसं आहे, ते सांगितलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी चांदीच्या डबीतून तपकीर ओढली.

मग मुख्याध्यापकांनी गठ्ठा उचलला. “बाईसाहेब, आपण बोललात ते उत्तम. पण हे आपल्याच सहायिकेनं पाठवलेले साठ फॉर्म. साठांपैकी साठ, व्यसन नाही. आमच्या भागाला ज्याची गरज नाही, त्यावर न्यासानं का खर्चावं?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गठ्ठा मी आधीच पाठवलाय, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. माझ्या मांडीवर नवे पंचवीस-तीस फॉर्म होते. ते गुपचूप पुढे सरकवून ‘हे बघा’ म्हणता आलं असतं. मी उभी राहिले. माडीवर सगळे बसलेले असताना उभं राहायचं नसतं हेही तेव्हा कळलं नाही.

“ते साठही चुकीचे आहेत,” मी म्हटलं. “प्रश्न चुकला. माझा.” आणि मग सगळंच सांगितलं : तोंडातलं बोट, गुलाबी डबी, दोन शेळ्या, ताराक्काचा चट्टा, भिंतीवरून आलेला वास. नाव मात्र सांगितलं नाही. शेवटी पिशवीतून पुडी काढून गादीवर ठेवली. “आणि ही माझी.”

“तुमची?” मुख्याध्यापक म्हणाले.

“चौथा दिवस. आत्ता तुमच्यासमोर बोलताना पण माझं निम्मं लक्ष तिच्यात आहे.”

मला आता थांबता येईना, म्हणून मी मुख्याध्यापकांनाच विचारलं, “सर, सकाळी डोळे उघडल्यावर तुम्हाला पहिलं काय आठवतं?”

“ईश्वराचं नाव,” ते ताबडतोब म्हणाले.

“मास्तर,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले, “गेल्या साली प्रवासात आपण एका खोलीत राहिलोय. चाऽ आला न्हाई म्हणून तुमी पोऱ्याच्या अंगावर गेला होता.”

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसायला घेतला. अण्णांनी डोळे उघडले, चांदीची डबी माझ्या पुडीशेजारी ठेवली आणि थोडा वेळ त्या दोन्हींकडे बघत बसले.

“सर्दीवर म्हणून चालू केली,” ते म्हणाले. “सर्दी चाळीस वर्सांमागं गेली.” मग बाईंकडे वळले. “पैसे घातले तर हे सुटायचं औषध कधी गावंल?”

मला आतून वाटत होतं, बाईंनी दोन वर्षं म्हणावं. पाच म्हणावं. काहीतरी आकडा द्यावा.

“सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. “मला मिळेलच असंही नाही. माझ्यानंतरच्या कोणाला मिळेल. पण कुठं शोधायचं ते तरी मी सांगू शकेन.”

“पेरायच्या आधी पीक सांगणारे लय येतात हितं,” अण्णा म्हणाले. “ठाऊक न्हाई म्हणणाऱ्या तुमी पैल्याच. मास्तर, वरीसभराचं लिवा. मागितलंय तेवढं न्हाई, निम्मं. आणि एक अट. नुसती अफू न्हाई चालायची, ह्या बायकांची मिश्री बी धरायची. उंदराला मिश्री कशी लावायची, ते तुमचं तुमी बघा.”

“पाण्यातून देऊ,” बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या.

खाली उतरताना त्यांनी हात पुढे केला. “पुडी.” मी दिली. त्यांनी हुंगली, पर्समधे टाकली आणि म्हणाल्या, “नमुना म्हणून लागेल.” मग मी दुसरी पुडी विकत घेण्याइतकी निर्लज्ज होऊ शकले नाही. पुढं पुण्याला गेल्यावर झाले, ते वेगळं.

परत त्याच गावी

बाई पुण्याला गेल्या. मी उरलेले ‘नाही’ दुरुस्त करायला परत कोरेगावकडे निघाले. त्या प्रवासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. माझं डोकं ठणकत होतं आणि कंडक्टर, खिडकी, समोरचं रडणारं मूल, सगळे मला मुद्दाम छळताहेत असं वाटत होतं. पोरांवर हात उठतो असं ताराक्का म्हणाली होती. मला पोर नव्हतं हे त्या पोराचं भाग्य.

पोचले तेव्हा दुपार उतरली होती. ताराक्का उंबऱ्यावर बसली होती. मी गेले तेव्हा काही कोरे फॉर्म तिच्याकडे राहिले होते, त्यातला एक मांडीवर, हातात पेन्सिल. तोंड रिकामं.

“मिळाले पैसे!” मी दारातूनच ओरडले.

“मिळालं?” ती पटकन उठली. “मग माझ्या तोंडाचं?”

मी पायरीवर बसले. ज्या प्रश्नाला बाईंनी माडीवर खरं उत्तर दिलं, त्याला मला इथं उंबऱ्यावर द्यायचं होतं. ते जास्त अवघड होतं. “वर्षभराचे मिळालेत, ताराक्का. वर्षात औषध निघणार नाही. कदाचित खूप वर्षं निघणार नाही. तुम्ही मिरजेला परत जा. उंदरांची वाट बघू नका.”

तिनं मान हलवली. ऐकून घेतलं, एवढंच. मग परत खाली बसली.

“तीन दिस झालं,” ती म्हणाली. “लावली न्हाई. सकाळी हितं बसती आनि फारम धरती. सासूबाई म्हणाल्या, काय करतीस गं? म्हणलं, सरकारी फारम भरतीया. कोन काम सांगत न्हाई. अर्धा तास बसून घेती.” तिनं फॉर्म माझ्यापुढे धरला. त्यावर घेवड्याच्या वेलीचं एक चित्र होतं, पानं, शेंगा, सगळं. “पर वास आला की जीव जातो. काल दार लावून बसले.”

“मग तुम्ही माझ्यापेक्षा पुढं आहात,” मी म्हटलं, आणि पुडीचं सांगितलं. बाजारात घेतलेली, खिडकीतून थुंकलेली, बाईंनी काढून घेतलेली. सांगताना माझी मान अजिबात ताठ नव्हती. आत चूल पेटल्याचा वास आला तेव्हा आम्ही दोघींनी एकदम तिकडे बघितलं. भाकरीच होती.

ताराक्का खूप हसली. मग हसू थांबलं आणि तिनं पेन्सिल उचलली, फॉर्मच्या कोपऱ्यावर आपला पत्ता लिहिला, गाव, पोस्ट, तालुका, वळणदार अक्षरांत, तो तुकडा फाडून माझ्या हातात दिला आणि म्हणाली :

“तुमची सुटली की मला कार्ड टाका. कशी सुटली ते लिवा. उंदरांचं नगं, ताई. तुमचं सवताचं लिवा.”